जॅक बेनींची ती शांतता आणि आपल्या घरांतल्या फिती

प्रति,
मा. संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या मागच्या रविवारच्या पुरवणीत अमेरिकन रेडिओच्या सुवर्णकाळातील विनोदी कार्यक्रमांवर एक छोटेखानी टिपण प्रसिद्ध झाले. गोव्यातल्या मराठी वृत्तपत्रात या विषयाला जागा मिळाली याचा मला मनापासून आनंद झाला, आणि म्हणूनच त्यातील दोन चुकांकडे व एका मताकडे आपले लक्ष वेधणे मला आवश्यक वाटते. टिपणकारांनी लिहिले आहे की, अमेरिकन रेडिओवरचे विनोदवीर जॅक बेनी यांचा लुटारूचा प्रसिद्ध विनोद त्यांना ऐन कार्यक्रमात सुचला आणि त्यावर श्रोते कित्येक मिनिटे हसत राहिले. पुढे त्यांनी असेही म्हटले आहे की, रेडिओला चेहरा नसल्यामुळे तिथला विनोद शब्दांच्या कोट्यांवर भागवलेला होता आणि दूरचित्रवाणी आल्यावर तो मागे पडला, यात काही वावगे झाले नाही. हे मत ज्या विनोदाच्या आधारे त्यांनी मांडले आहे, तोच विनोद त्या मताविरुद्ध साक्ष देतो, असे मला वाटते. पत्र लांबेल, पण विषय तेवढा आहे, म्हणून आधीच क्षमा मागतो.

तो कार्यक्रम २८ मार्च १९४८ रोजी, रविवारी, एनबीसी या अमेरिकन प्रसारण संस्थेवरून प्रसारित झाला. तो दिवस ईस्टरचा होता. आपल्याकडे तेव्हा पोर्तुगीज राजवट होती, ‘एमिसोरा द गोवा’ हे इथले रेडिओ केंद्र सुरू होऊन अवघी दोन वर्षे झाली होती आणि गावात रेडिओ संच असणारे घर बोटांवर मोजण्याइतके असे. अमेरिकेत मात्र रविवारी संध्याकाळी सात वाजता घरातली माणसे संचाभोवती बसून बेनींचा अर्ध्या तासाचा कार्यक्रम ऐकत, आणि हा नेम कित्येक वर्षे चालू होता. त्या आठवड्याची गोष्ट साधीच होती. कार्यक्रमात बेनींचे शेजारी म्हणून येणारे रोनाल्ड कोलमन यांना त्याच महिन्याच्या २० तारखेला खरोखरच सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचे ऑस्कर मिळाले होते. बेनी त्यांच्याकडून ते ऑस्कर घरी दाखवायला म्हणून उसने मागून घेतात आणि पायी घरी निघतात. रस्त्यात एक माणूस काडीपेटी मागतो. बेनी काडी काढून देणार, एवढ्यात तो पिस्तूल रोखतो आणि म्हणतो, ‘‘बोल, पैसे की जीव?’’

यानंतर काहीही ऐकू येत नाही. रेडिओवर, जिथे दोन-तीन सेकंद आवाज बंद पडला तर लोक संच ठोकून पाहतात, तिथे हा माणूस गप्प राहतो. थोड्या वेळाने लुटारू वैतागून पुन्हा विचारतो, ‘‘अरे, विचारतोय ना, पैसे की जीव?’’ आणि बेनी तितक्याच वैतागाने उत्तर देतात, ‘‘विचार करतोय ना मी!’’

‘चमडी जाईल पण दमडी जाणार नाही’ ही आपली म्हण इतकी तंतोतंत रंगभूमीवर उभी राहिलेली मी दुसरीकडे कुठेही पाहिलेली नाही, आणि इथे तर रंगभूमीही नव्हती. पण हे दोन प्रश्न आणि एक उत्तर एवढेच कागदावर उतरवून दिले तर त्यात फारसे काही हाती लागत नाही. ज्याने बेनींचे नाव कधी ऐकलेले नाही त्याला त्या शांततेत फक्त घाबरलेला माणूस दिसेल. श्रोत्यांना घाबरलेला माणूस दिसला नाही, कारण सोळा वर्षे ते या माणसाला ओळखत होते. १८९४ साली शिकागोत जन्मलेले आणि वॉकीगन या गावात वाढलेले बेनी १९३२ मध्ये रेडिओवर आले. तेव्हापासून त्यांनी आठवड्यामागून आठवडे एकच माणूस उभा केला. तो चिक्कू आहे, व्हायोलिन वाईट वाजवतो पण स्वतःला मोठा वादक समजतो, वय विचारले की नेहमी कमीच सांगतो, खोकणारी आणि धापा टाकणारी जुनाट मॅक्सवेल गाडी विकत नाही आणि घराखालच्या तळघरात पैसे ठेवून त्यावर असा पहारेकरी बसवतो की ज्याला बाहेरच्या जगात काय चालले आहे याची कित्येक वर्षांत खबर नाही. श्रोत्यांनी हे सारे मनात साठवून ठेवले होते. लुटारूने प्रश्न विचारला तेव्हा उत्तर बेनींच्या आधी श्रोत्यांनाच सुचले.

प्रत्यक्षातले बेनी उदार होते, हेही इथे सांगायला हवे. आयुष्याच्या उत्तरार्धात त्यांनी गावोगावच्या वाद्यवृंदांसोबत व्हायोलिन वाजवून त्या संस्थांसाठी मोठ्या रकमा उभ्या करून दिल्या. चिक्कूपणा हा त्यांनी आयुष्यभर निष्ठेने वागवलेला एक वेश होता. आमच्या पेडण्याकडचे दशावतारी नट तोंडाला रंग लावून शंकासुर होतात, बेनी आवाजाला रंग लावत.

आता चुकांविषयी. हा विनोद ऐन वेळी सुचलेला नाही. तो बेनींचे लेखक जॉन टॅकबेरी आणि मिल्ट जोझेफ्सबर्ग यांनी लिहिला आणि तो कसा लिहिला गेला हे जोझेफ्सबर्ग यांनीच पुढे सांगितले आहे. ‘पैसे की जीव’ हा प्रश्न दोघांकडे होता, पण त्याला साजेसे उत्तर सापडत नव्हते. एक जण खोलीत येरझारा घालत एकेक वाक्य सुचवत होता, दुसरा कोचावर पडून होता. काहीच पसंत पडेना तेव्हा येरझारा घालणारा चिडला आणि ‘तू निदान काहीतरी बोल’ अशा अर्थाचे म्हणाला. त्यावर कोचावरचे टॅकबेरी तडकून म्हणाले, ‘‘विचार करतोय ना मी!’’ क्षणभराने दोघांच्याही लक्षात आले की शोधत होतो ते हेच. वैतागाचा जो सूर बेनींच्या तोंडी आपल्याला ऐकू येतो, तो त्या खोलीतूनच तिथे आलेला आहे.

हसण्याच्या लांबीविषयी म्हणाल तर हा गैरसमज अमेरिकेतही फार पसरलेला आहे. रेडिओच्या इतिहासातले सर्वांत लांब हसू म्हणून या प्रसंगाचा दाखला वर्षानुवर्षे दिला गेला. मी ते ध्वनिमुद्रण अनेकदा ऐकले आहे. हशा मोठा आहे, पण तो काही सेकंदांचाच आहे. मला त्याहून महत्त्वाची वाटते ती वेगळीच गोष्ट. हशा पहिल्यांदा येतो तो बेनींच्या उत्तरावर येत नाही, तो त्यांच्या गप्प राहण्यावर येतो. लुटारूचा दुसरा प्रश्न त्या हशावरून पुढे येतो आणि उत्तर तर त्याच्याही नंतर. कोट्यांवर भागवलेला विनोद असे ज्याला टिपणकार म्हणतात, त्यातला सर्वांत प्रसिद्ध क्षण असा शब्दांवाचून उभा आहे.

मी हे प्रथम कसे ऐकले ते सांगितल्याशिवाय मला राहवत नाही. आमच्या शेजारी एक वयस्कर ख्रिस्ती सद्गृहस्थ राहत. उमेदीची वर्षे त्यांनी बोटीवर काढली होती आणि अमेरिकेच्या कुठल्याशा बंदरातून जुन्या रेडिओ कार्यक्रमांच्या कॅसेटी आणल्या होत्या. एके वर्षी ईस्टरच्या दुपारी त्यांनी मला हाक मारून बाल्कांवात, म्हणजे घरापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, बसवले, तिथल्या सोप्यावर, म्हणजे बांधीव बाकावर, टेपरेकॉर्डर ठेवला आणि ही फीत लावली. इंग्रजी मला वाचून समजे, पण अमेरिकन उच्चार कानावरून जात, त्यामुळे ते दर दोन-तीन वाक्यांनी बटण दाबून मला कोकणीत अर्थ सांगत होते. लुटारूचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी बोट वर केले आणि म्हणाले, ‘‘मास्तर, आतां आयकात. हांगा कांयच ना.’’ म्हणजे, आता ऐका, इथे काहीच नाही. आणि खरोखरच काही नव्हते, फितीची खरखर तेवढी होती आणि तिच्यातून हळूहळू वर येणारा शेकडो माणसांचा हशा. अर्थ सांगायची गरज पडली नाही. मी हसलो आणि ते माझ्याकडे बघून हसले. त्यांच्या निधनानंतर घरच्यांनी ती फीत मला दिली.

मी आमच्या गावच्या देवळातील उत्सवी नाटकाच्या तालमी कित्येक वर्षे घेतल्या. तिथे हौशी नटाला सर्वांत जास्त भीती कशाची वाटत असेल तर ती गप्प राहण्याची. वाक्य संपले की तो घाईने दुसरे वाक्य टाकतो, कारण मध्ये शांतता झाली तर ‘ह्याची नक्कल विसरली’ असे समोरचे म्हणतील असे त्याला वाटते. आणि हे भय उगाच नसते. एके वर्षी एका होतकरू मुलाने माझ्या सांगण्यावरून एका जागी छान थांबून दाखवले, तर विंगेतल्या प्रॉम्प्टरने त्याला वाक्य आठवत नाही असे समजून ते इतक्या मोठ्याने सांगितले की पहिल्या पाच रांगांनी ते ऐकले, आणि ती जागा वाया गेली. त्या मुलाचा चेहरा मला अजून आठवतो. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांना, प्रॉम्प्टरलाही, देवळाच्या अग्रशाळेत, म्हणजे यात्रेकरूंच्या निवासात, बसवून बेनींची ती फीत ऐकवली. मुलांना भाषा पुरती कळली नाही, पण थांबणे म्हणजे काय ते कळले. थांबलेला नट त्या वेळात काहीतरी करत असतो, त्याच्या डोक्यात काय चालले आहे ते प्रेक्षकाला स्पष्ट कळत असते, म्हणून ती शांतता भरलेली राहते. बेनींना हे पहिल्यापासून साधलेले होते. १९३२ मध्ये ते प्रथम रेडिओवर बोलले तेव्हाच त्यांनी आपले नाव सांगून पुढे म्हटले होते की, ‘याचे कोणाला काय पडले आहे’ असे म्हणायला तुम्हाला आता जरासा वेळ देतो.

चेहरा नसणे ही रेडिओची उणीव आहे, हेही मला मान्य नाही. ‘फिबर मगी अँड मॉली’ या कार्यक्रमाचे उदाहरण घ्या. १९३५ पासून चाललेल्या या कार्यक्रमात जिम आणि मॅरियन जॉर्डन हे खरोखरचे पती-पत्नी मगी दांपत्याचे काम करीत आणि लेखक होते डॉन क्विन. मगींच्या घरात एक कपाट होते. मार्च १९४० मध्ये ते प्रथम उघडले गेले आणि त्यानंतर वर्षानुवर्षे उघडले जात राहिले. मगी काहीतरी शोधायला दार उघडत आणि आतल्या वस्तू बाहेर कोसळत. आधी एखाददुसरी, मग धडाधड, मग वाटावे की संपले, तोवर आणखी एक, आणि अगदी शेवटी एका लहानशा घंटीची किणकिण. स्टुडिओत ध्वनियोजक हे सामान लाकडी पायऱ्यांवर रचून ठेवत आणि वेळ आली की ढकलून देत. त्या कपाटात नेमके काय होते हे श्रोत्याला कोणी सांगत नसे. ज्याने त्याने आपल्या घरातले सामान त्यात भरलेले असे. मी ते ऐकतो तेव्हा मला आमच्या माळ्यावरची पितळी भांडी, जुनी समई, मोडकी छत्री आणि आजोबांची काठी पडताना दिसते. हेच दृश्य पडद्यावर दाखवले तर त्यात दिसेल तेवढेच सामान असेल.

आपल्या लोकांना हे नवीन नाही. आकाशवाणीच्या मुंबई केंद्रावरील ‘पुन्हा प्रपंच’मधले प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी ज्यांनी ऐकले आहेत, त्यांना प्रभाकर जोशी, नीलम प्रभू आणि बाळ कुडतरकर यांचे चेहरे ठाऊक असण्याची कधी गरज वाटली नाही. भावजी दारात आले हे त्यांच्या पहिल्या शब्दाआधीच कळे. ते उंच की ठेंगणे, याबद्दल आमच्या घरात माझे आणि बहिणीचे मुळीच एकमत नव्हते आणि दोघांनाही आपापले भावजी स्पष्ट दिसत होते.

याला आणखी एक बाजू आहे, ती म्हणजे हे सारे जिवंत प्रसारण होते. समोर प्रेक्षक बसलेले, हातात संहितेचे कागद, चुकले तर दुरुस्त करायला संधी नाही. बऱ्याच कार्यक्रमांना तर पूर्व किनाऱ्यासाठी एकदा आणि वेळेच्या फरकामुळे तीन तासांनी पश्चिम किनाऱ्यासाठी पुन्हा उभे राहावे लागे. जानेवारी १९५० मधील बेनींच्या एका कार्यक्रमात निवेदक डॉन विल्सन यांना ‘ड्रू पिअर्सन’ या प्रसिद्ध वार्ताहराचे नाव घ्यायचे होते, जीभ वळली आणि ते ‘ड्रिअर पूसन’ म्हणून गेले. हशा झाला, कार्यक्रम पुढे गेला. पण तेवढ्या वेळात लेखकांनी फ्रँक नेल्सन या नटाला गाठून त्याच्या पुढच्या प्रवेशातले एक वाक्य बदलून दिले. बेनींनी त्याला नेहमीप्रमाणे ‘आपण इथले दारवान का?’ असे विचारले आणि संहितेतल्या उत्तराच्या जागी उत्तर आले, ‘‘मग काय, मी तुम्हाला ड्रिअर पूसन वाटलो?’’ बेनींना याची काहीच कल्पना नव्हती. ते हसू लागले ते थांबेनात. हे हसू मात्र खरोखरच लांबले, आणि लांब हसण्याचा दाखला द्यायचाच असेल तर टिपणकारांनी हा द्यावा, अशी माझी नम्र सूचना आहे. बेनींनी आपल्या सहकाऱ्यांना अशी मोकळीक सदैव दिली. हशा कोणी घेतला याची त्यांना फिकीर नसे. बहुतेक वेळा तो दुसऱ्याने घ्यावा आणि आपण त्याचे कारण व्हावे, अशीच त्यांच्या कार्यक्रमाची बांधणी होती. नायकाच्या भूमिकेसाठी हट्ट धरणाऱ्या आमच्या हौशी मंडळींना मी हे वारंवार सांगत आलो आहे.

त्या काळातले सगळेच गोड होते असे मात्र मी म्हणणार नाही. १९२८ मध्ये सुरू झालेल्या ‘एमॉस अँड अँडी’मध्ये फ्रीमन गॉस्डेन आणि चार्ल्स कॉरेल हे दोन गोरे कलाकार कृष्णवर्णीय माणसांच्या बोलण्याची नक्कल करीत आणि सारा देश त्यावर हसत असे. त्याविरुद्ध कृष्णवर्णीयांच्या एका वृत्तपत्राने १९३१ मध्येच मोहीम उघडली होती. बेनींच्या कार्यक्रमात रॉचेस्टर या नोकराची भूमिका एडी अँडरसन हे कृष्णवर्णीय नट स्वतः करीत. मालकाच्या चिक्कूपणावर सर्वांत नेमके बोट तेच ठेवत आणि श्रोत्यांचे ते अतिशय लाडके होते. तरीही युद्धापूर्वीच्या भागांत त्यांच्या तोंडी घातलेले काही विनोद आज ऐकवत नाहीत. हेही आज आपल्याला ठाऊक आहे ते ध्वनिमुद्रणे उरली म्हणून. ती नसती तर एका बाजूला गोड आठवणी आणि दुसऱ्या बाजूला आरोप एवढेच शिल्लक राहिले असते, आणि कोणालाही स्वतः ऐकून काही ठरवता आले नसते.

ती उरली कशी, हा माझ्या पत्राचा खरा विषय आहे. मोठ्या प्रसारण संस्थांना त्या काळी ध्वनिमुद्रित कार्यक्रम लावणे मुळीच पसंत नव्हते. कार्यक्रम झाला की तो हवेत विरला, अशीच सर्वसाधारण समजूत होती. तरी जाहिरातदारांना, कलाकारांना आणि संस्थांच्या दप्तराला प्रत हवी असे, म्हणून प्रसारण चालू असतानाच ते सोळा इंची तबकड्यांवर कोरून घेतले जाई. अॅल्युमिनियमच्या पत्र्यावर लाखेसारखा लेप, मिनिटाला सव्वातेहतीसच्या आसपास फेरे आणि एका बाजूवर पंधरा मिनिटे, म्हणजे अर्ध्या तासाच्या कार्यक्रमाला दोन बाजू. महायुद्धात अॅल्युमिनियम मिळेनासे झाले तेव्हा हाच लेप काचेवर देण्यात आला. अशी तबकडी हातातून निसटली की अर्धा तास कायमचा गेला. अमेरिकन सैन्याच्या रेडिओ सेवेने जाहिराती गाळून या कार्यक्रमांच्या वेगळ्या तबकड्या काढल्या आणि जगभरच्या छावण्यांत पाठवल्या. पुढे ज्यांच्या हाती जे लागले ते त्यांनी जपले, संग्राहकांनी एकमेकांकडून फितींवर उतरवून घेतले, तारखा जुळवल्या, याद्या केल्या. बेनींच्या पहिल्या वर्षांतले बरेच भाग आज मिळत नाहीत. १९४८ चा तो रविवार मिळतो, याचे श्रेय ज्यांनी तबकडी फेकून दिली नाही अशा अनोळखी माणसांकडे जाते.

आता आपल्याकडे येतो. गोव्याच्या मुक्तीनंतर जानेवारी १९६२ मध्ये आकाशवाणीचे पणजी केंद्र सुरू झाले आणि तिथून मराठी व कोकणी श्रुतिका, प्रहसने, नभोनाट्ये सादर होऊ लागली. गावोगावच्या उत्सवी नाटकांतले उत्तम नट पणजीतल्या आल्तिनो टेकडीवरच्या स्टुडिओत जाऊन ध्वनिक्षेपकासमोर उभे राहिले. माझे थोरले बंधू त्यांपैकी एक. १९७९ च्या सुमारास एका विनोदी श्रुतिकेत त्यांनी एका विसराळू सासऱ्याचे काम केले होते. प्रसारणाच्या वेळी मी रेडिओसमोर टेपरेकॉर्डर ठेवून, घरातल्या सगळ्यांना गप्प बसवून आणि कोंबड्या अंगणाबाहेर हाकलून ती कॅसेटवर घेतली. काही वर्षांनी गणेशचवथीला घुमट-आरत्या, म्हणजे घुमट या मातीच्या तालवाद्यावर म्हटलेल्या आरत्या, ध्वनिमुद्रित करायला कोरी कॅसेट मिळेना, तेव्हा घरातल्याच कोणी तरी तीच कॅसेट घातली. कोणाचा दोष नव्हता, तिच्यावर नाव लिहिलेले नव्हते आणि ते लिहिणे माझे काम होते. दादा आता नाहीत. त्या कॅसेटवर आरत्या संपतात, घुमटाचा शेवटचा ठोका पडतो, खट् असा आवाज येतो आणि त्यानंतर जेमतेम पाऊण मिनिट दादांचा आवाज आहे. सासरा जावयाला विचारतो, ‘‘तुमचं नाव काय म्हणालात?’’ जावई नाव सांगतो. दादा थांबतात. किती नेमके थांबतात! मग म्हणतात, ‘‘असेल.’’ आणि फीत संपते.

आमच्या हवेत कॅसेटी टिकत नाहीत. एका पावसाळ्यात फितीवर पांढरी बुरशी धरते, दुसऱ्या पावसाळ्यात ती एकमेकींना चिकटते आणि तशीच लावली तर तुटते. ज्यांच्या घरी अशा फिती आहेत ते बहुतेक माझ्या वयाचे आहेत आणि मुलांना त्या कशासाठी ठेवल्या आहेत ते ठाऊक नाही. म्हणून आपल्याला माझी विनंती आहे की, पुरवणीत या विषयावर आणखी काही छापणार असाल तर त्यासोबत वाचकांना एक आवाहन करावे. ज्यांच्याकडे पणजी केंद्रावरून झालेल्या श्रुतिकांच्या किंवा उत्सवी नाटकांच्या फिती असतील त्यांनी त्या परस्पर लावून पाहू नयेत. कोरड्या जागी उभ्या ठेवाव्यात, प्रत्येकीवर कार्यक्रमाचे नाव, साल आणि कलाकारांची नावे पेन्सिलीने लिहावीत आणि त्याची यादी आपल्याकडे पाठवावी. यादी झाली तर पणजीच्या पाटो भागातील कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालयासारख्या, १८३२ पासून चालत आलेल्या संस्थेकडे ती घेऊन जाता येईल आणि या फिती संगणकावर उतरवून सांभाळण्याची विनंती करता येईल. आकाशवाणीच्या दप्तरात ज्या श्रुतिका असतील त्यांचीही सूची लोकांसाठी खुली व्हावी, अशी मागणी आपण लावून धरावी. नुसते निवडक तुकडे ठेवून भागणार नाही. बेनींच्या त्या शांततेचा तुकडा आज कोणीही कोणाला पाठवू शकतो, पण आधीचा पाव तास ऐकल्याशिवाय आणि त्याआधीची वर्षे ठाऊक असल्याशिवाय तो ऐकणाऱ्याला त्यात काय आहे हे कळत नाही, आणि अशाच तुकड्यांवरून आपल्या टिपणातल्यासारखे गैरसमज होतात.

माझ्याकडील अकरा फितींची यादी या पत्रासोबत जोडली आहे. तिच्यात नववी बेनींची आणि अकरावी घुमट-आरत्यांची आहे. अकरावीपुढे मी ‘शेवटपर्यंत ऐकावी’ असे लिहिले आहे, ते तसेच छापावे ही विनंती.

कळावे, लोभ असावा.

आपला नम्र,
एक निवृत्त मराठी शिक्षक,
फोंडा तालुका, गोवा